समाजमंदिराला हेम्पक्रीटच्या भिंती घालाव्यात का?

प्रश्न सिन्नर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्यांचा आहे. गावात ६० बाय ३० फुटांचं समाजमंदिर आणि त्याला लागून १२ बाय २० फुटांची वाचनालयाची खोली मंजूर झाली आहे. मुंबईत स्थायिक झालेले गावचेच एक देणगीदार वाढीव खर्च द्यायला तयार आहेत, पण भिंती हेम्पक्रीटच्या, म्हणजे हेम्प या गांजाच्याच जातीच्या झाडाच्या खोडाचे तुकडे आणि चुना यांच्या, हव्यात असा त्यांचा आग्रह आहे. हॉल उन्हाळ्यात गार राहील आणि इमारत पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, असं त्यांचं म्हणणं. गावकऱ्यांच्या शंका दोन आहेत: गांजाच्या झाडाची भिंत कायद्यात बसते का, आणि पावसाळ्यात ती तग धरेल का. ‘आम्ही हो म्हणावं का?’ असं सदस्यांनी विचारलं आहे.

माझं काम चुन्याचं. जुने वाडे आणि देवळं दुरुस्त करता करता हेम्प आणि चुन्याच्या भिंतींकडे वळलो. हे साहित्य मला मनापासून आवडतं, आणि म्हणूनच ते नको त्या जागी वापरलेलं बघवत नाही. माझं मत आधी सांगतो, कारणं मागून येतील. वाचनालयाच्या खोलीला हेम्पक्रीट जरूर वापरा. सभागृहाच्या भिंतींना वापरू नका; तिथले पैसे छपरावर घाला.

आधी हे साहित्य काय आहे ते नीट समजून घेऊ, कारण नावातल्या ‘क्रीट’मुळे पुष्कळांची दिशाभूल होते. हेम्पच्या खोडावरचा धागा काढून घेतला की आत लाकडासारखा हलका, सच्छिद्र गाभा उरतो. त्याचे बोटाच्या पेराएवढे आणि त्याहून लहान तुकडे करतात. ते चुना आणि पाण्यात कालवून फळ्यांच्या साच्यात भरले, हलक्या हाताने दाबले आणि सुकू दिले, की झाली हेम्पक्रीटची भिंत. भिंतीसाठीच्या मिश्रणाचं कोरडं वजन घनमीटरला साधारण ३०० ते ३५० किलो भरतं. विटेच्या बांधकामाचं वजन १९०० किलोच्या आसपास असतं. हलकेपणा हाच तिचा गुण आणि हीच तिची मर्यादा. दाब सोसण्याची तिची ताकद एक मेगापास्कलच्याही खाली राहते. साध्या विटेकडून मानक किमान साडेतीनची अपेक्षा ठेवतं. म्हणजे ही भिंत छत उचलणार नाही. खांब आणि तुळया वेगळ्या हव्यातच, ही भिंत फक्त त्यांच्यामधली जागा भरते.

उष्णता अडवण्यात मात्र तिचा हात धरणारं साहित्य कमी. नऊ इंची विटेच्या भिंतीतून जेवढी उष्णता आत येते, तिच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढीच १२ इंची हेम्पक्रीटच्या भिंतीतून येते. शिवाय ही भिंत हवेतला दमटपणा शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की परत सोडते. बंद खोलीत हा फरक अंगाला जाणवतो. देणगीदार सांगतात ते खोटं नाही. फक्त त्यांनी ते बहुधा एखाद्या घराबद्दल ऐकलं असावं, आणि सभागृह घरासारखं वागत नाही.

तुमच्या हॉलमध्ये प्रत्यक्ष काय होणार ते डोळ्यांसमोर आणा. साखरपुडा, दशक्रियेनंतरचं जेवण, ग्रामसभा, लसीकरण, मतदान, एखादा सप्ताह. बाकीचे दिवस कुलूप. कार्यक्रम असतो तेव्हा दोन-अडीचशे माणसं आत, चारही दारं सताड उघडी, पंखे पूर्ण वेगात. बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. अडीचशे माणसं म्हणजे २५ किलोवॅट, जणू हॉलमध्ये पंचवीस इस्त्र्या एकदम चालू ठेवल्या आहेत. ही उष्णता भिंतीतून आलेली नसते, आतच तयार होते. ती बाहेर काढायची तर हवा खेळती हवी. उघड्या दारांतून बाहेरची गरम हवा आत येत असताना भिंत किती उत्तम इन्सुलेशन देते याला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरी गोष्ट छपराची. एकमजली, पसरट इमारतीत मे महिन्यातलं ऊन मुख्यतः वरून येतं. साध्या पत्र्याचं तापमान दुपारी साठ अंशांपर्यंत जाऊ शकतं आणि ती धग थेट खाली बसलेल्यांच्या डोक्यावर उतरते. म्हणून हॉलसाठी माझा सल्ला असा: भिंती विटांच्या किंवा दगडाच्या ठेवा. पत्र्याला वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग द्या, खाली हवा वाहील अशी फट सोडा आणि तिच्याखाली चांगल्या जाडीचं इन्सुलेशन घाला. आढ्याजवळ गरम हवा निघून जायला झरोके ठेवा आणि निदान दक्षिणेला व पश्चिमेला आठ फुटांची पडवी काढा. भिंतींवर होणाऱ्या वाढीव खर्चातून यातलं बरंचसं काम निघेल, आणि गावाला गारवा लगेच जाणवेल.

हॉलच्या बाबतीत हेम्पक्रीटचा एक फायदा मात्र मी मोठा मानतो, तो आवाजाचा. आपल्या समाजमंदिरांत घुमारा इतका असतो की माइकवर बोललेलं मागच्या रांगेला कळत नाही. गिलावा न केलेलं हेम्पक्रीट आवाज चांगला शोषतं. पॅरिसच्या पूर्वेला क्रॉइसी-बोबूर नावाच्या गावात २०२१ साली ३८० चौरस मीटरचं एक सार्वजनिक क्रीडागृह बांधलं गेलं, पिएर शेवे यांच्या नावाचं. त्याच्या भिंती हेम्पक्रीटच्या ब्लॉकच्या आहेत. ते ब्लॉक आतून तसेच उघडे ठेवलेत आणि बाहेरून सिमेंट-फायबरच्या पॅनेलचं कवच दिलंय. सार्वजनिक इमारतीत हे साहित्य शोभतं आणि चालतं, याचा तो चांगला दाखला आहे. पण तिथे आत रोजचा खेळ चालतो, आणि थंडीत आतली ऊब टिकवणं हा त्यांचा मुख्य प्रश्न. आपल्याकडे उघडा ब्लॉक ठेवला तर पहिल्याच लग्नात त्यावर मांडवाचे खिळे ठोकले जातील. घुमारा कमी करायचा असेल तर हॉलच्या मागच्या भिंतीवर, हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर, आवाज शोषणारे पट्टे लावता येतात.

आता वाचनालय. ही खोली मला वेगळ्याच तऱ्हेची दिसते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत अशा खोलीत बसतात. माणसं मोजकी, दारं बंद, वापर रोजचा, आणि शांतता हवी असते. सिन्नरच्या बाजूला दिवसा ऊन तापलं तरी रात्री हवा बरीच उतरते. रात्री खिडक्या उघडून खोली गार करायची आणि सकाळी बंद करायची, एवढं केलं की बारा इंची हेम्पक्रीटची भिंत तो गारवा दुपार टळेपर्यंत सांभाळते. डिसेंबरातल्या पहाटे अभ्यासाला येणाऱ्या पोरांना तिचा उलट उपयोग होतो. कागदांना आणि पुस्तकांनाही दमटपणातला चढउतार कमी झालेला मानवतो. जिथे माणूस रोज तासन्‌तास बसतो, तिथेच या भिंतीचा पैसा वसूल होतो. उद्या अंगणवाडी किंवा आरोग्य उपकेंद्राची खोली निघाली, तर तिलाही मी हेच म्हणेन.

पाण्याचा हिशेब बघितला की दोन्ही कामांतलं अंतर आणखी स्पष्ट होईल. भिंतीच्या नेहमीच्या मिश्रणात एक घनमीटरला साधारण ११० किलो हेम्प, २२० किलो चुन्याचं बंधक आणि ३३० लिटर पाणी लागतं. तुमच्या पूर्ण हॉलच्या भिंती दारं-खिडक्या आणि खालची दगडी पट्टी वगळून अंदाजे ३६ घनमीटर होतील. म्हणजे भिंतींत १२ हजार लिटरच्या आसपास पाणी जाणार, आणि त्यातलं बहुतेक पुन्हा हवेत उडून जावं लागणार. वाचनालयाच्या भिंती सुमारे १२ घनमीटर. पाणी चार हजार लिटर. ते उडायला दोन-तीन महिने कोरडी, वाहती हवा मिळाली पाहिजे. जाड भिंतीला त्याहूनही जास्त लागतं. पाणी उडण्याआधी गिलावा केला तर ते आत कोंडतं, आणि मग बुरशी, वास, गिलाव्याचे फुगवटे असं सगळं मागून येतं.

याचा अर्थ वेळापत्रक पावसाळ्याभोवती आखायचं. खांब, तुळया आणि छप्पर आधी पूर्ण करा. पाऊस थांबून हवा कोरडी झाली की छपराखाली, कार्तिक-मार्गशीर्षात, भिंती भरा. डिसेंबरअखेर भरणं संपलं की फेब्रुवारी-मार्चपर्यंत सुकू द्या. एप्रिलमध्ये गिलावा, मेमध्ये चुन्याचा हात. जूनचा पहिला पाऊस येईल तेव्हा भिंत अंगरखा घालून तयार असेल. सिन्नर पर्जन्यछायेत असल्यामुळे हे जमण्यासारखं आहे. हाच प्रश्न रत्नागिरीहून किंवा सिंधुदुर्गातून आला असता तर मी बाहेरून हवेची फट ठेवून पूर्ण आच्छादन घालण्याची अट घातली असती, आणि भिंत जागेवर न भरता सुकवलेले ब्लॉकच वापरायला सांगितलं असतं.

आता अडचण येते ती मार्चअखेरची. सरकारी निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडावा म्हणून कामांना फेब्रुवारीत एकदम वेग येतो. हेम्पक्रीटला ही घाई सोसत नाही. मार्चमध्ये भरलेली भिंत अर्धवट ओली असतानाच पावसाळ्याच्या तोंडी सापडते. शिवाय शाखा अभियंत्याला राज्याच्या दरसूचीत ही बाब मिळणार नाही. त्याला दरविश्लेषण करून दरसूचीबाहेरची बाब म्हणून वरून मंजुरी घ्यावी लागेल. तो टाळाटाळ करतोय असं मानू नका. मोजमाप पुस्तिकेवर सही त्याची असते आणि उद्या लेखापरीक्षणात उत्तर त्यालाच द्यायचं असतं. म्हणून मी अशी विभागणी सुचवतो: पाया, जोतं, आरसीसीचा सांगाडा, दोन्हीकडचं छप्पर आणि हॉलच्या विटांच्या भिंती मंजूर निधीतून करा. वाचनालयाच्या भिंती आणि त्यांचा गिलावा देणगीतून करा, लोकसहभाग म्हणून, ग्रामसभेच्या ठरावासह. देणगीच्या पैशाला मार्चअखेर नसते. भिंतींना लागेल तेवढा वेळ देता येतो आणि अभियंत्यावरही अनोळखी साहित्याचा भार पडत नाही. निधी खर्च झालेला दिसतो, देणगीदारांची इच्छाही पूर्ण होते. तरीही ही भिंत मूळ नकाशात आणि अंदाजपत्रकाच्या टिपेत दाखवून घ्या. मागून घुसवलेली बाब म्हणून तिच्याकडे कोणी बोट दाखवू नये.

कायद्याबद्दलची गावाची शंका रास्त आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुला-फळांचा शेंडा. धागा काढून उरलेल्या खोडाच्या तुकड्यांत नशेसारखं काही नसतं आणि ते त्या व्याख्येत येत नाहीत. पण झाड लावणं ही वेगळी गोष्ट आहे. परवानगीशिवाय ते लावता येत नाही. धागा किंवा बी यांसाठी लागवडीला परवानगी देण्याची सोय त्याच कायद्याच्या १४ व्या कलमात आहे, आणि उत्तराखंडने २०१८ पासून ती वाट खुली केली. पौडी गढवालच्या यमकेश्वर भागात हेम्पक्रीटचं एक पाहुणेघरही उभं राहिलंय. तेव्हा गावात कोणी ‘आपणच बांधावर लावू की’ म्हणालं तर तिथेच थांबवा. माल परवानाधारकाकडून घ्या. त्याच्या परवान्याची प्रत, पक्कं बिल आणि वाहतुकीचे कागद ग्रामपंचायतीच्या फाइलला लावा. ट्रक गावात येण्याआधी पोलीस ठाण्याला एक पत्र देऊन ठेवा. सार्वजनिक कामात अफवा फार लवकर पसरते, आणि कागद हाताशी असले की ती तिथेच विरते.

वाहतुकीचाही विचार करा. हे तुकडे वजनाला हलके पण जागेला भारी. वाचनालयाला सव्वा टनाच्या आसपास माल लागेल, तो दाबून भरलेल्या गठ्ठ्यांत आला तर बरा. पूर्ण हॉलला साधारण चार टन लागला असता आणि मोठा बंद ट्रक भरला असता, तोही हिमालयाच्या पायथ्यापासून. पर्यावरणासाठी म्हणून करत असू तर हा प्रवासही हिशेबात धरायला हवा. हेम्प वाढताना हवेतला कार्बन घेतं आणि तो भिंतीत बंद राहतो हे खरं आहे. पण चुना भाजायला इंधन लागतं, भाजताना चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि ट्रकला डिझेल लागतं. म्हणून ‘निगेटिव्ह कार्बन इमारत’ अशी पाटी लावायची घाई करू नका.

अनेक जण मला विचारतात की हेम्पऐवजी आपल्याकडची पऱ्हाटी, तुरकाठी किंवा उसाचं चिपाड का वापरू नये. कल्पना चांगली आहे. उसाच्या चिपाडांचे ब्लॉक बनवण्यावर लंडनमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट लंडनमध्ये ‘शुगरक्रीट’ नावाने काम झालंय. पण चिपाडात उरलेली साखर चुन्याचं आणि सिमेंटचं घट्ट होणं लांबवते, आणि पऱ्हाटीत कीड लपलेली असते. हे प्रयोग शेतावरच्या खोलीत करावेत. गावाच्या पैशाने उभ्या राहणाऱ्या इमारतीत पहिला प्रयोग नको.

वेरूळचा दाखला तुमच्या देणगीदारांनीही दिला असेल. २०१६ मध्ये पुरातत्त्व खात्यात काम केलेले एक रसायनतज्ज्ञ आणि मराठवाडा विद्यापीठातले एक वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात हेम्प मिसळलेलं असल्याचं दाखवून दिलं. मला त्या शोधाचा अभिमान वाटतो. आपल्या कारागिरांना या झाडाचे गुण माहीत होते, ते गिलावा धरून ठेवतं हे त्यांनी जाणलं होतं. मात्र तो मातीचा पातळ गिलावा आहे, कातळाच्या पोटात आहे आणि त्यावर कधी थेट पाऊस पडलेला नाही. त्यावरून समाजमंदिराच्या भिंतीला दीड हजार वर्षांची हमी देता येत नाही. आजच्या अर्थाचं हेम्पक्रीट १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये जुन्या लाकडी चौकटीच्या घरांच्या दुरुस्तीतून पुढे आलं. फ्रान्सने त्यासाठी बांधकामाचे व्यावसायिक नियम तयार केले, आणि अमेरिकेच्या २०२४ च्या निवासी बांधकाम संहितेत त्यावर एक परिशिष्ट आहे. पूर्वजांच्या गौरवापेक्षा हे नियम काय सांगतात ते तुमच्या अभियंत्याला दाखवा. त्याचा त्याला जास्त उपयोग होईल.

बांधताना जिथे काम बिघडतं अशा जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यात पहिली चुन्याची. साधा कळीचा चुना हवेतूनच हळूहळू घट्ट होतो. बारा इंचाच्या पोटात तो महिनोन्‌महिने मऊ राहतो. म्हणून पाण्यातही घट्ट होणारा चुना लागतो. आयएस ७१२ या भारतीय मानकात चुन्याचे वर्ग दिले आहेत, त्यातला ए किंवा बी वर्गाचा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर चांगल्या विरवलेल्या चुन्यात नीट भाजलेल्या विटांची बारीक सुरखी किंवा मेटाकाओलिन (भाजलेल्या पांढऱ्या चिकणमातीची पूड) घालून काम साधतं. प्रमाण आधी नमुने घालून ठरवायचं. ठेकेदार म्हणेल, ‘साहेब, सिमेंटच घालू, भिंत लवकर घट्ट होईल.’ तेवढं ऐकू नका. हेम्पचे तुकडे अधाशासारखे पाणी पितात. सिमेंटला लागणारं पाणी ते ओढून घेतात आणि भिंतीच्या पोटात भुकटी उरते. वरून भिंत टणक दिसते, आत बोट घातलं की भुसा.

दुसरी जागा दाबण्याची. गवंड्याला काँक्रीट ठोकायची सवय असते. इथे सहा इंचांचे थर टाकून कडेने हलकं दाबायचं, मधे जवळजवळ हात लावायचा नाही. जास्त ठोकलं की हवा निघून जाते, भिंत जड होते आणि आपण ज्या गुणासाठी पैसे दिले तोच जातो. मिश्रण मुठीत दाबून बघावं: गोळा राहिला पाहिजे, बोटांमधून पाणी गळता कामा नये. काँक्रीटच्या फिरत्या ड्रममध्ये याचे गोळे होतात, सपाट भांड्याचा पॅन मिक्सर मागवा. फळ्या दुसऱ्या दिवशी काढा, म्हणजे भिंत श्वास घ्यायला लागते. पहिले काही दिवस मात्र दुपारच्या उन्हापासून बारदानाचा पडदा धरा, कारण चुन्याला घट्ट व्हायला थोडा ओलावा हवा असतो. तुळईखालचा शेवटचा थर वरून भरता येत नाही. तिथे एका बाजूची फळी उघडी ठेवून हाताने ठासायचा. ही जागा पोकळ राहिली की पुढे तिथून चिचुंद्री आणि पाणी दोन्ही आत येतात.

तिसरी जागा जमिनीलगतची. जोत्याच्या वर निदान दोन फूट काळ्या दगडाची पट्टी द्या, तिच्यावर ओल अडवणारा थर, आणि मग हेम्पक्रीट. पागोळ्यांचं पाणी आदळून उडणारे शिंतोडे, टेकलेल्या सायकली, शिंगं घासणारी जनावरं, शाळकरी पोरांच्या लाथा, हे सगळं त्या दगडाने झेलायचं. छपराची वळचण तीन फूट तरी बाहेर काढा. संडास, मोरी आणि भटारखाना यांच्या भिंतींना हेम्पक्रीट लावूच नका. तिथे वीटच बरी.

सांगाडा लाकडी असावा असं परदेशी पुस्तकं सांगतात. आपल्याकडे वाळवी आहे. चुन्यात गुरफटलेल्या हेम्पला वाळवी सहसा शिवत नाही, लाकडी खांबाला मात्र सोडत नाही. आरसीसीचा सांगाडा आपल्या ठेकेदारांना येतो, अभियंत्याला त्याचा हिशेब करता येतो, म्हणून तोच ठेवा. भिंत त्याला पकडून राहावी म्हणून खांबांना पट्ट्या बसवा, आणि हेम्पक्रीटची ताकद हिशेबात शून्य धरा. भूकंपाच्या दृष्टीने हलकी भिंत ही जमेची बाजू आहे. दोन्हीकडच्या चुन्याच्या गिलाव्यासह या भिंतीचा चौरस मीटर पावणेदोनशे किलोच्या आत बसतो. नऊ इंची वीट एकटीच सव्वाचारशेच्या वर जाते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगडमातीच्या जड भिंती आणि मातीची जड धाबी अंगावर कोसळून माणसं गेली. भिंतीचं वजन आणि तिची खांबांशी पकड हा आपल्याकडे जिवाचा प्रश्न आहे, आणि हे मी प्रत्येक ठेकेदाराला सांगतो.

आगीबद्दल सदस्यांनी विचारलेलं नाही, पण अग्निशमनवाले विचारतील. चुन्यात माखलेले हे तुकडे पेट घेत नाहीत, फार तर कडेला काळे पडून धुमसतात. तरी राष्ट्रीय बांधकाम संहितेत सभागृह ‘असेंब्ली’ म्हणजे डी गटात मोडतं, आणि तिथे तोंडी खात्री चालत नाही. पुरवठादाराकडून त्याच घनतेच्या आणि त्याच जाडीच्या भिंतीचा चाचणी अहवाल लेखी मागा. गठ्ठे साठवलेले असताना मात्र ते सुक्या गवतासारखे पेटू शकतात. साठवणीच्या जागी विडी-काडी आणि वेल्डिंग दोन्ही बंद.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती रंगाची. खासगी घरात मालक एक असतो आणि त्याला आपली भिंत ठाऊक असते. सार्वजनिक इमारतीचा मालक दर पाच वर्षांनी बदलतो. उद्घाटन, जयंती किंवा मंत्र्यांचा दौरा आला की कोणीतरी उत्साहाने पुट्टी मारून प्लास्टिक इमल्शन लावतं, खाली चार फूट ऑइल पेंटचा पट्टा ओढतं. तेवढ्याने भिंतीचा श्वास बंद होतो. आत शिरलेला दमटपणा बाहेर पडू शकत नाही आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटायला लागतात. असं झालेली एक शाळेची खोली मी पाहिली आहे. भिंत चांगली बांधली होती, रंगाने तिला आजारी केली. म्हणून गिलावा चुन्याचा, रंगही चुन्याचाच, आणि डागडुजीही चुन्यानेच. हा नियम ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या आणि वाचनालयाच्या दाराशी दगडात कोरून लावा. दिवाळीआधी घराला चुना देण्याची सवय गावातल्या जुन्या माणसांना अजून आहे, ती इथे कामी येईल. खिळ्यांसाठीही सोय आधीच करा. भिंत भरतानाच चार फुटांवर आणि सात फुटांवर प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या आडव्या पट्ट्या आत बसवा. फळे, घड्याळ, तसबिरी, पुस्तकांची कपाटं सगळं त्याच पट्ट्यांना धरून. पंखे तुळयांना. हेम्पक्रीटमध्ये नुसता खिळा धरत नाही, तो ओघळतो आणि सोबत गिलावा नेतो.

जागेवर भरायचं की ब्लॉक वापरायचे, हे तुमच्या वेळापत्रकावर ठरेल. छप्पर ऑक्टोबरपर्यंत नक्की होणार असेल तर जागेवर भरा, सांधे कमी राहतात. छपराचा भरवसा नसेल तर गावातल्याच एखाद्या शेडमध्ये साच्यात ब्लॉक पाडा, तीन-चार महिने सुकवा आणि नंतर चुन्याच्या मसाल्यात रचा. काम थांबलं तरी सुकलेला ब्लॉक छपराखाली निवांत पडून राहतो. गावच्या तरुणांना हे काम शिकवता येतं, आणि पुढच्या दुरुस्तीला बाहेरून माणूस आणावा लागत नाही. माझा कल तुमच्या बाबतीत ब्लॉककडेच आहे.

देणगीदारांना पहिला खर्च मात्र एका नमुना भिंतीचा करायला सांगा. येत्या थंडीत, ग्रामपंचायतीच्या आवारात, दगडी पट्टीवर चार फूट रुंद आणि पाच फूट उंच, पूर्ण जाडीची भिंत घाला. ज्या गवंड्याला काम द्यायचं आहे त्याच्याच हातून, ज्या चुन्यात काम करायचं आहे त्याच चुन्यात. अर्ध्या भागाला गिलावा करा, अर्धा उघडा ठेवा. वर पत्र्याचा तुकडा टाका, पण पश्चिमेची बाजू पावसाला मोकळी सोडा. तोवर मंजूर निधीतून सांगाडा आणि छप्पर उभं राहील. पावसाळा संपला की ती भिंत करवतीने मधोमध कापा आणि आतला भाग शाखा अभियंत्याच्या हातात द्या. तो कोरडा, घट्ट आणि बुरशीच्या वासाशिवाय निघाला, तर दिवाळीनंतर वाचनालयाचं काम सुरू करा. भुसा हाताला आला, तर चुना बदलून पुन्हा नमुना घाला, आणि तोवर देणगी बँकेत राहू द्या.